अनुस्वार कोणत्या कपाटात ठेवावा

तीर्थस्वरूप
(हे खोडलं आहे असं समजावं)
श्रीयुत
(हेही)
बाबा,

शिरसाष्टांग नमस्कार. मायन्यापाशीच माझा अर्धा कागद खर्ची पडला आहे. तीर्थरूप जन्मदात्यांना, तीर्थस्वरूप त्यांच्या जागी असणाऱ्यांना आणि श्रीयुत विजेचं बिल दुरुस्त करून मागताना, हे आपणच मला शिकवलंत. पण ज्यांच्या मुलीशी आपलं लग्न झालेलं होतं आणि आता नाही, अशा गृहस्थांना काय लिहावं, हे शिकवायचं राहून गेलं. (तशी वेळ येईल असं आपल्यालाही वाटलं नसणार.) शेवटी नुसतं 'बाबा' ठेवलं. खोडायचं असेल तर आपलं लाल पेन आहेच. छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस निवृत्त होतो, त्याचं पेन होत नाही.

आईंचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून वाजतो का? आपला चष्मा सापडला असेल अशी आशा आहे. (नसल्यास न्हाणीघरातल्या आरशामागच्या फळीवर पाहावं. मी त्या घरात राहत होतो तेव्हा तो दर वेळी तिथेच निघायचा.) मी मजेत आहे. रंगाच्या दुकानावरच्या माझ्या खोलीत टर्पेंटाइनच्या वासाने डास येत नाहीत आणि पाहुणेही येत नाहीत. आपली कन्या बदलीच्या गावी सुखात असेलच. आमचं भांडण नव्हतंच, ते नुसतं संपलं, त्यामुळे तिच्याबद्दल विचारताना आवाज कसा ठेवावा हेही मला नीट कळत नाही.

आपली पाटी आणि तिच्यासोबतचा निरोप, दोन्ही मिळालं. 'रंग उडाला आहे, घरातल्या माणसांची नावं नव्याने काढून दे,' एवढाच निरोप. लगेच दिली असती, पण उशीर झाला, आणि त्याचं कारण विज्ञान आहे.

त्याचं असं झालं की इथल्या कॉलेजने जीवशास्त्राच्या संग्रहालयातल्या पाट्या रंगवायचं काम मला दिलं. तिथल्या बाई विद्वान आणि मायाळू आहेत. त्यांनी मला समोर बसवून सांगितलं की शास्त्रज्ञांनी सगळे सजीव एकात एक बसणाऱ्या डब्यांसारखे लावून ठेवले आहेत. सगळ्यांत मोठा डबा म्हणजे सृष्टी, तिच्या पोटात संघ, संघाच्या पोटात वर्ग, मग गण, मग कुल, मग प्रजाती आणि अगदी आतल्या डबीत जाती. मी मान डोलावली. (माझी मान डोलावण्याची सवय आपण जाणताच. आपल्या कन्येने तिच्यावर भाळूनच माझ्याशी लग्न केलं आणि बहुधा तिला कंटाळूनच मोडलं.) मग बाई परीक्षेच्या कामाला परगावी गेल्या आणि जाताना सांगून गेल्या की पाट्या वाळल्या की वर्गाची वर्गावर, गणाची गणावर आणि संघाची संघावर लावून टाका.

मी लावल्या. वर्ग कुठे असतात हे शाळेत गेलेल्या कुणालाही ठाऊक असतं. पहिल्या वर्षाच्या वर्गावर 'वर्ग : सरीसृप' लावली, शेजारच्या वर्गावर 'वर्ग : उभयचर'. (मला वाटलं, तिथे दोन शाखांची मुलं एकत्र बसत असतील.) एका खोलीवर 'शिक्षकगण' अशी जुनी पाटी होतीच, तिच्याखाली 'गण : मांसाहारी' अगदी मापात बसली. खाली जिन्याशी 'कर्मचारी संघ' होता, त्याच्या दारावर 'संघ : मृदुकाय' ठोकली. 'कुल : मार्जार' तेवढी हातात उरली, कारण कुलसचिव विद्यापीठात बसतात आणि विद्यापीठ फार लांब आहे. हे माझं नशीबच म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी जे झालं ते मी बादली हातात धरून, खांबाआड उभा राहून पाहिलं. प्राचार्य अंडंसुद्धा खात नाहीत, ते 'मांसाहारी'खाली उभे राहून चष्मा पुसत होते. कर्मचारी संघाचे लोक घोळक्याने आले आणि म्हणाले, आमच्या मागण्या हव्या तर मान्य करू नका, पण आम्हांला मऊ म्हणू नका. सरीसृप वर्गातली मुलं मात्र खूश होती आणि सरपटतच आत जात होती. बाई परत आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, पण त्या पायरीवर बसल्या, डोळ्यांना पदर लावला आणि खांदे हलवत राहिल्या. हसत होत्या की रडत होत्या हे मला अजून कळलेलं नाही.

दुसऱ्या खेपेला मी सगळं संग्रहालयातच लावलं आणि नाव वाचून, विचार करून लावलं. देवमासा माशांत, तारामासा माशांत, पाणघोडा घोड्याशेजारी. बाईंनी तिन्ही बाहेर काढायला लावले. देवमासा मासा नाही, तो पिलांना दूध पाजतो. तारामासा तर माशाच्या आसपासचाही नाही. पाणघोडा घोडा नाही, आणि आज जिवंत असलेल्यांत देवमाशाचा सगळ्यांत जवळचा नातलग कोण, तर हा पाणघोडा. दोघांनी एकमेकांकडे कधी ढुंकून पाहिलं असेल असं वाटत नाही, पण नातं आहे. बाई म्हणाल्या, 'नावावरून नातं ठरत नाही.' मी मान डोलावली, पण या वेळी आतून हललो.

मग भूछत्रांची बरणी आली. मी ती वनस्पतींच्या कपाटात ठेवली, कारण जमिनीतून उगवतं ते झाड, एवढं मलाही कळतं. बाई म्हणाल्या, पूर्वी शास्त्रज्ञही तिथेच ठेवायचे. पुढे त्यांच्या लक्षात आलं की ही मंडळी पानांसारखं स्वतःचं अन्न करत नाहीत, आणि खोलात गेल्यावर तर ती झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची निघाली. म्हणून त्यांना तिथून काढलं. मी विचारलं, इतकी वर्षं एकत्र राहिल्यावर काढलं तर वनस्पतींना काही वाटलं नाही का? बाई म्हणाल्या, 'वनस्पतींना विचारायची पद्धत नाही.' प्राण्यांच्या कपाटातही त्यांना जागा नव्हती आणि नवं कपाट आलेलं नव्हतं, म्हणून ती बरणी बाहेर व्हरांड्यात स्टुलावर ठेवली. मी जेवायला तिच्याशेजारीच बसतो. खरं सांगतो बाबा, मला फार वाईट वाटलं. मी बाईंना म्हटलं, एकदा काय ते नक्की ठरवा. तर त्या म्हणाल्या, एकूण सृष्टी किती यावरच शास्त्रज्ञांचं एकमत नाही, कुणी पाच म्हणतं, कुणी सहा, कुणी आणखी वेगळंच. एवढ्या शिकलेल्या माणसांचं हे, तर माझ्यासारख्याने काय करायचं?

संध्याकाळी खोलीवर येऊन आपली पाटी पुढ्यात घेतली आणि डोकं जास्तच फिरलं. ही पाटी मी पहिल्यांदा काढली तेव्हा मी आपला कुणीच नव्हतो, फक्त पेंटर होतो. आपल्या आडनावावरचा अनुस्वार द्यायला विसरलो, तर आपण स्वतः शिडीवर चढून लाल पेनने तो दिलात, आणि त्या दिवसापासून माझं नाव अनुस्वार पडलं. पुढे मी घरजावई झालो आणि पाटीवर सगळ्यांत खालची ओळ माझी आली. एकदा जेवताना मी आपल्याला विचारलं होतं की अनुस्वार स्वर की व्यंजन. आपण म्हणालात, धड स्वरही नाही, धड व्यंजनही नाही, त्याला स्वरादी म्हणतात. आईंनी तेव्हा माझ्या ताटात वाढता वाढता म्हटलं होतं, काही का असेना, जेवतोय ना नीट.

तर मुद्दा एवढाच की 'घरातल्या माणसांची नावं' म्हणजे नेमकी कुणाची, हे निरोपातून स्पष्ट होत नाही. आपण, आई आणि आपली कन्या, इथवर शंका नाही, ती कुठेही राहिली तरी आपलीच. प्रश्न पुढचा आहे. माझ्या मनात काही नाही, गैरसमज नसावा. हा निव्वळ धंद्याचा प्रश्न आहे. ओळी किती यावर अक्षरांची उंची ठरते, आणि एकदा अक्षर चढलं की खाली जागा करता येत नाही. कळवावं म्हणजे ब्रश हातात घेतो.

आईंच्या गुडघ्याला वेगळा नमस्कार.

आपला
(पुढचा शब्द सुचला नाही, म्हणून जागा सोडली आहे)
अनुस्वार

ता. क. : वर विज्ञानामुळे उशीर झाला असं लिहिलं आहे, ते खरं नाही. पाटी कधीच तयार आहे. तीन ओळी सुकल्या आहेत आणि चौथीची जागा सोडली आहे. अक्षरांची उंचीही मी तिला धरूनच घेतली आहे.

ता. क. २ : भूछत्रांना अजून कपाट मिळालेलं नाही, पण बाईंनी आज माझ्याकडून त्यांची वेगळी पाटी करून घेतली, 'सृष्टी : कवके'. वनस्पतींच्या पाटीएवढीच मोठी. मी ती स्टुलालाच अडकवली. जाणारी-येणारी मुलं थांबून वाचतात.

ता. क. ३ : चौथी ओळ नको असेल तर आपण काही कळवू नये, मी समजून घेईन आणि तिथे साधी नक्षी काढीन. फक्त आपल्या आडनावावर अनुस्वार आहे, तो काही काढता येणार नाही, शुद्धलेखनाची चूक होईल. तेवढं टिंब मी जरा मोठं काढलं तर चालेल का? रस्त्यावरून कुणाच्या लक्षात येणार नाही. आपल्या येईल, म्हणून विचारलं.