तालायने मागितलेली माफी

प्रिय झूरा,

तू वसंतातच मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर गेलीस, म्हणून माझा तालाय सुटला एवढंच तुला कळलं. कसा सुटला ते सांगायला तिथे फोन लागत नाही, आणि माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे तू जाणतेसच.

शेजारच्या जुमाशची घोडी नाहीशी झाली आणि संशय माझ्या लेकावर आला. पंचांनी बोलावलं. आपल्याकडे पांढऱ्या दाढीसमोर पोरं उलट बोलत नाहीत, तालाय मान खाली घालून म्हणाला, "चुकलो आजोबा, माफ करा." पंचांना वाटलं, मिटलं. जुमाश मात्र पोलिसांत गेला आणि ती माफीच गुन्ह्याची कबुली ठरली. ठाण्यात एकट्याला बसवून त्यांनी तेच पुन्हा वदवून घेतलं. पोरगं तुरुंगात जाणार, असं गाव धरूनच चाललं होतं.

सरकारने वकील दिली, मीरगुल नावाची. एवढीशी मुलगी, बूट चिखलाने भरलेले. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणून मी गप्प राहिले. पण तिने तालायला चोरीचं आधी विचारलंच नाही. विचारलं, "जेवलास का? कुणी हात उगारला का?" माझे डोळे तिथेच भरून आले.

न्यायालयात तालायला आरोपीच्या लोखंडी पिंजऱ्यात बसवलं होतं. मीरगुलने आपली खुर्ची उचलून पिंजऱ्याला चिकटवली. शिपाई म्हणाला, "बाई, तुमची जागा तिकडे." ती म्हणाली, "माझा माणूस इथे, तर माझी जागाही इथेच." मग तिने गावच्या शाकिर पंचांना विचारलं, माफी कशाबद्दल होती? ते दाढी कुरवाळत म्हणाले, "ते कुणी विचारलंच नाही." याआधी त्याने कधी मागितली होती का? "अगं पोरी, गेल्या साली गारा पडल्या तेव्हासुद्धा मागितली होती." सगळे हसले, न्यायाधीशांनी तोंडापुढे कागद धरला. ती हसली नाही. एवढंच म्हणाली, की आदर म्हणजे कबुली नव्हे, आणि शेजारी वकील नसताना काढून घेतलेलं बोलणं कायद्यात बसत नाही. दुसरा पुरावा नव्हताच. सुटल्यावर तालाय सवयीने न्यायाधीशांचीही माफी मागायला निघाला, तेव्हा तिने त्याची बाही ओढली.

घोडी अजून सापडलेली नाही. जुमाश मीरगुलला चोरांची कैवारी म्हणतो. ते ऐकून ती त्याच्याच घरी जाऊन चहा पिऊन आली. असं काळीज मी पाहिलेलं नाही, झूरा.

आता लिहायचं कारण. ट्रकवाल्याने तुझा निरोप दिला: दुकान फोडल्याच्या संशयावरून तुझ्या बेलेकला खाली ठाण्यात नेलंय, आणि तू मेंढी कापून पंचांना जेवू घालणार आणि त्याला त्यांच्यापुढे माफी मागायला लावणार आहेस. मेंढी राहू दे. हे पत्र तुझ्या हातात देणारी मुलगी मीरगुलच आहे. बेलेकला 'गप्प बस' असं सांगूनच ती वर आली आहे, पण तो अजून सज्ञान नाही, त्याच्या जबाबाला आईही लागते. तिला आधी घोडीच्या दुधाचा कुमिस दे, नको म्हणाली तरी दे, आणि घोड्याला खोगीर घालून तिच्याबरोबर खाली उतर. तिथे ती सांगेल तसंच कर. बेलेकला 'माफी माग' म्हणू नकोस, डोळ्यांनीसुद्धा नको. पोरगं तुझ्या शब्दाबाहेर नाही, म्हणून तर मला पोलिसांपेक्षा तुझीच भीती वाटते.

तुला पाठुंगळी घेऊन ती कुरणं चढलेली,
तुझीच थोरली बहीण बुरुल