बर्फ पडला म्हणून आणीबाणी

वेस्ट हार्लो, व्हरमाँट
बुधवार, गावसभेच्या दुसऱ्या दिवशी

माननीय खासदार चि. अल्डन यास,
थोरल्या बहिणीचे आशीर्वाद (रागावलेले आहेत, पण बंद केलेले नाहीत).

घसा कसा आहे? आणीबाणी आहे म्हणून मित्रदेशांच्या मालावर आयात कर लादण्याआधी राष्ट्राध्यक्षांनी संसदेला विचारलं पाहिजे, हे विधेयक मताला आलं त्याच दिवशी तुझा घसा बसला आणि तू सभागृहात गेला नाहीस, असं पेपरात वाचलं. तिकडे मत बटण दाबून देतात, हे तूच सांगितलं होतंस. बोटं बरी आहेत ना? इकडे आई खुशाल आहे.

काल गावसभा झाली. (तू खासदार झाल्यापासून फिरकला नाहीस, सभेच्या जेवणातला राजमा अजून तसाच गोड आणि खुर्च्या तशाच कडक.) आपला सरपंच क्लेटन यानं सभेला न विचारता बर्फ लोटायच्या ट्रकला नवं पातं घेतलं, म्हणून सकाळभर त्याला सोलून काढला. बिचारा म्हणतो, "आणीबाणी होती! बर्फ पडत होता!" त्यावर आई विणकाम बाजूला ठेवून उठली. "क्लेटन मेल्या, व्हरमाँटात बर्फ पडला ही आणीबाणी? उद्या गाईनं दूध दिलं म्हणून लष्कर बोलावशील!" क्लेटननं सगळ्यांची माफी मागितली, आणि आणीबाणी आहे की नाही हे यापुढे सभाच ठरवेल, असा नियम जेवणाआधी पास झाला. मी जोरात टाळ्या वाजवत होते, तेवढ्यात मागून डॉर्कस म्हणाली, "लॉर्ना, हेच तुझ्या भावाच्या सभेला का गं जमत नाही?" सगळं गाव माझ्याकडे बघायला लागलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता माझं ऐक. मेपलचा रस कढवून पाक करायची माझी काहील शरद ऋतूतच फुटली. नवी काहील सरहद्दीपलीकडच्या क्वेबेकच्या रेजाँनं घडवून तयार ठेवली आहे, पण राष्ट्राध्यक्षांनी देशाला धोका आहे म्हणून लावलेला हा कर भरून ती सोडवायची माझी ऐपत नाही. झाडं मात्र कुणाच्या सहीची वाट बघत नाहीत. रस भराभर उतरतोय, आंबतोय, आणि मी तो बादल्या भरभरून बर्फात ओतते आहे. वर्षाची कमाई आहे रे ती! आपलं कोठार पेटलं तेव्हा सरहद्द ओलांडून बंब घेऊन हाच रेजाँ आला होता. तेव्हा त्याच्या पाण्यावर कुणी कर लावला नव्हता. आज तो देशाला धोका कसा झाला, ते मला समजावून सांग. मोठा वकील आहेस ना? आम्ही पात्यासाठी सरपंचाला उभा-आडवा घेतो आणि तुम्ही तिथे चारशेच्या वर माणसं खाली मान घालून बसता! संताप येतो नुसता.

सुनेला आईचे आशीर्वाद व मुलांना माझे गोड पापे.

तुझी,
लॉर्ना

ता. क. यंदा पाकाचा डबा येणार नाही. कारण वर लिहिलं आहे.

ता. क. विधेयक पुढच्या आठवड्यात पुन्हा मताला येतंय म्हणे. मध घे, मफलर बांध, काय वाटेल ते कर, पण जा आणि बटण दाब. एवढंच मागायला हे पत्र लिहिलं.

ता. क. आई सांगू नको म्हणत होती, पण सांगते. या खेपेलाही गेला नाहीस, तर पुढच्या निवडणुकीत तुझ्याविरुद्ध ती स्वतः उभी राहणार आहे. भर सभेत सांगितलंय तिनं, आणि सगळ्यांत आधी टाळी क्लेटननं वाजवली. तिचा घसा ठणठणीत आहे.