ती उडी माझी होती

मी, ओपल लिंडक्विस्ट, वय त्र्याऐंशी, पूर्वीचा व्यवसाय नटी, राहणार बरबँक, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, कोणीही भरीस न घालता, राजीखुशीने करीत आहे. डोके जागेवर आहे. गुडघे नाहीत, पण गुडघ्यांबद्दल कायदा काही विचारत नाही, असे माझ्या वकील मिस यामागुची सांगतात. यापूर्वीची दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती दोन्ही मी रागाच्या भरात केली होती.

कलम १. राहते घर, मागच्या अंगणातील लिंबाच्या झाडासह, माझी एकुलती एक मुलगी कोरिन हिला मिळावे. तिने ते खुशाल विकावे. मात्र डावीकडच्या शेजाऱ्याला विकू नये. माझी लिंबे आंबट आहेत, अशी तक्रार त्याने माझ्या तोंडावर केलेली आहे.

कलम २. बँकेतील शिल्लकही कोरिनचीच. तिने त्यातून एकदा तरी काहीतरी निरुपयोगी विकत घ्यावे.

कलम ३. बर्फराणीचा पांढरा गाऊन चेटच्या नातीला द्यावा. त्याचे कारण सविस्तर लिहून ठेवणे भाग आहे.

सन १९६७ मध्ये ‘कॅप्टन पेलिकन’ नावाची मालिका टीव्हीवर चालत असे. नायक ड्वेन हॅकेट तोंडावर चोचीचा मुखवटा लावून पिवळ्या चड्डीत यायचा आणि पोटावरच्या पिशवीतून दोरी, शिडी, एकदा तर होडीसुद्धा काढायचा. एका भागात मी बर्फराणी झाले होते. सगळे शहर गोठवून टाकायचा माझा बेत होता. बर्फाचा डोंगर प्लास्टरचा, त्यावर साबणाचा फेस. शेवटच्या मारामारीआधी ड्वेन ऐटीत डोंगर चढला, फेसावरून घसरला आणि डोके आपटून बेशुद्ध पडला. त्याच्या जागी धाडसी कामे करायला नवाच आलेल्या जाडजूड चेटला त्याचा पोशाख काही केल्या चढेना. मी ड्वेनच्याच उंचीची. दिग्दर्शकाने माझ्याकडे पाहिले, मी पोशाखाकडे पाहिले.

तेव्हा कॅप्टन पेलिकन मी झाले, आणि बर्फराणी झाला चेट, माझ्या घोळदार गाऊनमध्ये. मिशी काढायला तो तयार नव्हता, म्हणून त्या मारामारीत बर्फराणी सगळा वेळ पाठमोरी आहे. मी डोंगरमाथ्यावरून धावत येऊन, पाठीवरची केप पसरून, खंदकापार थेट त्याच्या अंगावर उडी घेतली. खालून तो पुटपुटला, “बाई, जरा बेताने. गाऊन तुमचाच फाटेल.” गाऊन त्याने जपला, म्हणून तो आता त्याच्या नातीचा.

ती उडी देशभर गाजली. शाळेच्या डब्यांवर तिचे चित्र आले. कंपनीने आम्हा सर्वांकडून गप्प राहण्याचे लिहून घेतले, आणि ड्वेन जाईल तिथे सांगू लागला, “तशी उडी आयुष्यात एकदाच जमते हो.”

हे मी सोसले असते. पण कोरिन तेव्हा सात वर्षांची. शाळेतली मुले तिला चिडवत, “तुझ्या आईला पेलिकनने लोळवलं.” मी तिला घरात, दार लावून, खरे सांगितले. ती हातातल्या डब्याकडे बघत राहिली. डब्यावर मीच होते.

“आई,” ती म्हणाली, “हरलीस तर हरलीस म्हण ना. खोटं कशाला बोलतेस?”

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. तिनेही तो भाग पुन्हा पाहिला नाही.

कलम ४. ड्वेन हॅकेट याच्यावरील माझा राग मी कोणालाही वारसाहक्काने देत नाही. तो संपला. गेल्या वसंतात इथल्या छोट्या चित्रगृहात तोच भाग दाखवला. आम्ही दोघे पाहुणे. कोरिन मला गाडीने सोडायला आली होती म्हणून नाइलाजाने बसली. ड्वेनला सुनावण्याचे शब्द मी पन्नास वर्षे घोटून तयार ठेवले होते. खेळ संपल्यावर एका बाईंनी विचारले, “ती उडी मारताना भीती नाही वाटली?”

ड्वेनने माइक घेतला. “मला कशाला वाटेल? मी आत आडवा होतो, डोक्यावर बर्फाची पिशवी ठेवून. उडी ओपलची आहे.”

माझे सगळे शब्द फुकट गेले. मी दातओठ खात विचारले, “आत्ताच बरं सुचलं तुला?”

“आधी काम जाईल ही भीती होती,” तो म्हणाला. “मग इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. आज मोठ्या पडद्यावर पाहिलं. मी असा धावलोय कधी?”

नाही. तो बदकासारखा धावायचा.

घरी आल्यावर कोरिनने तो भाग लावला, माझ्या शेजारी बसली, आणि उडी आली की मागे नेऊन पुन्हा लावू लागली. चौथ्या-पाचव्या वेळी म्हणाली, “तू कोपर बाहेर काढून धावतेस.”

“बरं मग?”

“मीपण तशीच धावते. शाळेत हसायचे मला.” मग चित्र थांबवून, “आई, मी तुला खोटारडी म्हटलं होतं.”

“सात वर्षांची होतीस.”

“साठीला आलेय आता. मधे कधीतरी विचारायला हवं होतं.”

कलम ५. ड्वेनला मी काहीही ठेवत नाही. याचा अर्थ मी त्याच्यावर अजून रुसले आहे, असा कोणी लावू नये. साक्षीदाराने मृत्युपत्रात वाटा घेऊ नये, असे मिस यामागुची सांगतात. आणि मला त्याच्याकडून वाटेकऱ्याची नव्हे, साक्षीदाराची सही हवी आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचून, दोन ठिकाणी हसून, कायम केला.

ओपल लिंडक्विस्ट (सही)
मुक्काम बरबँक, ता. ९ ऑक्टोबर २०१९

साक्षीदार:
१. ल्युपे सेरानो, उजवीकडची शेजारीण (सही)
२. ड्वेन हॅकेट (सही). ‘बदकासारखा’ हा शब्द गाळावा अशी विनंती मी केली, ती फेटाळण्यात आली. बाकी सर्व खरे आहे.