नगराध्यक्षांच्या फाटकासमोरचा ट्रक

प्रिय मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. (खुर्चीत बसूनच घालते आहे. मुख्याधिकारी ऑफिसात जमिनीवर आडव्या दिसल्या तर शिपाई डॉक्टरला बोलावेल.) तुझ्या नव्या कवळीचं कसं चाललंय? ती फार चावते असं तू लिहिलं होतंस, पण घास चावते की तुला चावते, ते उमगलं नाही. काकांचं कानाचं यंत्र आता तू बोलतानाही चालतं, की अजून फक्त बातम्यांच्या वेळी? दोघं तब्येतीला जपा.

मी खुशाल आहे. खरं तर खुशाल हा शब्द तोकडा पडतो. आपल्या घरात सगळे बँकेत चिकटले आणि मी एकटी नगरपालिकेच्या परीक्षांच्या मागे लागले, तेव्हा आईने कपाळाला हात लावला होता, आठवतं ना? आता मी एका अख्ख्या शहराची मुख्याधिकारी आहे. सकाळी खिडकी उघडली की समोरचे दिवे, नळ, गटारं, झाडं, कुत्री, सगळं माझंच वाटतं. कुठे खड्डा दिसला तर आपल्याच सतरंजीला भोक पडल्यासारखं चुटपुटतं. (रस्त्यात वाकून खड्डे बघणारी बाई म्हणून मी प्रसिद्ध झाले आहे. एका आजोबांनी माझं काय हरवलंय म्हणून शोधायला मदतही केली.)

पहिला दिवस मात्र जरा वेगळा गेला. मी दारातून आत शिरले तर खिडकीवरच्या कारकुनाने मान वर न करता, जन्माचा दाखला हवा असेल तर रांगेत उभ्या राहा, असं सांगितलं. मी म्हटलं, बरंच झालं, आतून तर रोजच बघायचंय, एकदा बाहेरून बघू. राहिले उभी. माझा नंबर आला आणि जेवणाची सुट्टी झाली. खिडकी माझ्या नाकावर बंद झाली. शेवटी बांधकाम खात्याच्या अभियंत्यांनी मला ओळखलं आणि धावत येऊन माझ्या खोलीत नेलं. हे गृहस्थ भले आहेत, पण त्यांना काहीही सांगितलं तरी ते "होईल" एवढंच म्हणतात. पूल बांधायचाय? होईल. पंखा दुरुस्त करायचाय? होईल. कधी होईल हे विचारलं की पुन्हा होईल. ऑफिसात त्यांना होईलसाहेब म्हणतात आणि आता माझ्याही तोंडात तेच बसलंय.

तर आता मुख्य गोष्ट सांगते, नीट बसून वाच. इथे शहराच्या मध्यावर मोठा भाजीबाजार आहे. उजाडायच्या आधी बायका पाट्या घेऊन येतात आणि दिवे लागेपर्यंत बसतात. पहिल्याच आठवड्यात मी एका बाईकडून पालक घेत होते. उन्हाने तिचे ओठ पांढरे पडले होते, म्हणून माझ्याजवळची पाण्याची बाटली पुढे केली. तिने हात जोडले आणि नको म्हणाली. मला वाटलं, संकोच करते आहे, म्हणून मी आग्रह धरला. तेव्हा ती आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, इथे बसणारी कुठलीच बाई दिवसा पाणी पीत नाही. प्यायलं तर जायचं कुठे?"

मावशी, माझ्या हातातली बाटली मलाच जड झाली. मी तशीच ऑफिसात आले आणि बाजाराजवळ बायकांसाठी स्वच्छतागृह का नाही, असं होईलसाहेबांना विचारलं. तर कळलं की त्याला कुणाचाच विरोध नाही. दर वर्षी ठराव येतो, दर वर्षी तो एकमताने मंजूर होतो, सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात. अडचण एवढीच, की ते प्रत्येकाला हवंय, फक्त शेजाऱ्याच्या दारात. औषधवाले नगरसेवक म्हणाले, वासाने औषधांचा गुण जातो. शाळा म्हणाली, मुलांचं लक्ष विचलित होईल. बँकेला सुरक्षेची काळजी (तिथून दरोडेखोर भुयार खणतील अशी भीती त्यांनी अगदी गंभीरपणे बोलून दाखवली). मिठाईवाल्याला तर मी विचारलंच नाही, लांबूनच हात हलवून पुढे गेले. सगळ्यात गोड नगराध्यक्ष. "मॅडम, तुम्ही जागा ठरवा, मी पाठीशी आहे," असं म्हणायचे, आणि मी जागा ठरवली की पाठीशी उभे राहूनच मला मागे ओढायचे.

मी अजून सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आहे, ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यातच नव्हती. पसंत नसले तर पालिका मला परत पाठवू शकते. पण मला भलताच चेव चढला होता. तयार, लोखंडी सांगाड्याचं, वर पाण्याची टाकी असलेलं स्वच्छतागृह मिळतं, नुसतं आणून ठेवायचं. मी होईलसाहेबांना म्हटलं, मागवा. ते म्हणाले, होईल. आणि या खेपेला खरंच झालं. एका सकाळी लांबलचक ट्रकवर ते निळंशार स्वच्छतागृह पालिकेच्या दारात येऊन उभं राहिलं आणि ड्रायव्हरने विचारलं, कुठे उतरवू?

जागा तर ठरलीच नव्हती. मी ड्रायव्हरशेजारी चढून बसले आणि म्हटलं, चला, शोधू या. अशी वरात या शहराने पाहिली नसेल. पुढे केबिनमध्ये मी, मागे स्वच्छतागृह, त्यामागे स्कूटरवर होईलसाहेब आणि त्यांच्यामागे बघे. ट्रकचा वेग जरा कमी झाला की त्या बाजूची दुकानं भराभर रिकामी व्हायची आणि माणसं हात पसरून रस्त्यात उभी राहायची. शाळेपाशी मुख्याध्यापक स्वतः आडवे झाले. (मुलांनी टाळ्या वाजवल्या, त्या कुणासाठी होत्या ते कळलं नाही.) ड्रायव्हर परगावचा. तो म्हणाला, मॅडम, मी सिमेंट पोचवलंय, म्हशी पोचवल्यात, पण असा मान कशालाच मिळाला नव्हता.

फिरत फिरत आम्ही बाजारामागच्या रस्त्याला वळलो. एका बाजूला पालिकेची बाग, दुसऱ्या बाजूला घरं. तिथे खालून कडाडकन आवाज झाला आणि ट्रक एका अंगाला कलून जागीच बसला. चाकावरचा भार पेलणारा पोलादी पाटा तुटला होता. मी खाली उतरले, वर पाहिलं, आणि पुन्हा केबिनमध्ये चढून लपावंसं वाटलं. ट्रक नेमका नगराध्यक्षांच्या फाटकाला आडवा लागला होता, आणि फाटकाच्या आत त्यांची गाडी होती.

ड्रायव्हर तुटलेला पाटा खांद्यावर घेऊन दुसरा आणायला बसने निघून गेला. नगराध्यक्षांचा फोन आला, संध्याकाळपर्यंत रस्ता मोकळा हवा. त्या दिवशी ते पालिकेत पायी आले. आपण जनतेत मिसळतो असं ते प्रत्येक भाषणात सांगतात, पण जनता त्यांना रस्त्यात बघून इतकी गोंधळली की दोघांनी त्यांना पत्ता विचारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे गेले तर पालकवाली ट्रककडे मान वर करून बघत उभी. सुरू आहे का, असं तिने विचारलं. मी होईलसाहेबांकडे पाहिलं. मावशी, त्या माणसाच्या चेहऱ्यावर मी प्रथमच काही हललेलं पाहिलं. बागेचा नळ समोरच होता आणि ट्रकच्या पोटाखाली गटाराचं झाकण होतं. त्यांनी बाह्या सरसावल्या, नळी जोडली, खालचा पाइप गटारात सोडला आणि नाट्यगृहातून रंगमंचावर चढायच्या पायऱ्या आणवून ट्रकला टेकवल्या. दुपारच्या आत बायकांची रांग लागली. एकेक बाई पायऱ्या चढून वर जायची आणि बक्षीस मिळाल्यासारखी हसत खाली यायची. मी बागेच्या कुंपणाला टेकून बघत होते आणि मला उगाचच रडू येत होतं. (डोळ्यात कचरा गेला असं होईलसाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, होईल.)

तेवढ्यात फाटकातून नगराध्यक्षांच्या आई आल्या. हातात काठी आणि चेहरा असा, की मी दोन पावलं मागे सरले. रोज गच्चीत एकट्या बसणाऱ्या या बाईंबद्दल मी ऐकून होते. घरात सगळे कामाचे, त्यांच्याशी बोलायला सवड कुणालाच नाही. त्यांनी रांग पाहिली, ट्रक पाहिला, मला पाहिलं आणि विचारलं, साबण कुठे आहे? साबण मागवलाच नव्हता. त्या आत गेल्या आणि घरातल्या वडीसकट टॉवेल घेऊन आल्या. मग खुर्ची मागवली. संध्याकाळपर्यंत रांगेत कुणाचा नंबर आधी हे त्या ठरवत होत्या, कुणाच्या सुनेचं काय चुकतं हे त्यांना ठाऊक झालं होतं, आणि त्यांच्या घरातून प्यायच्या पाण्याची कळशी बाहेर आली होती.

पण चिरंजीवांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. ड्रायव्हर पाटा घेऊन अजून परतला नव्हता. त्यांनी खास सभा बोलावली. विषय दोन: ट्रक ताबडतोब हटवणे, आणि मुख्याधिकाऱ्यांना परत पाठवणे. पाटा मी मुद्दाम तोडला असा औषधवाल्यांचा आरोप होता. (माझी ताकद तू जाणतेस. मला लोणच्याची बरणी उघडत नाही.) सभेच्या सकाळी मात्र मला काही सुधरेना. आईला काय सांगू, पुन्हा परीक्षा देऊ का, की निमूट बँकेत जाऊ, असं सगळं डोक्यात फिरत होतं. भाषण पाठ केलं होतं. उभी राहिले तर पहिलं वाक्यही आठवेना. मी नुसतं एवढंच सांगितलं, की बाजारातल्या बायका आता पाणी पितात. आणि खाली बसले. सभागृहात कुणीतरी हसलं.

मग दार उघडलं. नगराध्यक्षांच्या आई जिना चढून आल्या होत्या, मागे पालकवाली आणि आणखी बायका. बाहेरच्यांना बोलता येत नाही, असं नगराध्यक्ष हलक्या आवाजात म्हणाले. त्या त्यांच्या टेबलापर्यंत गेल्या आणि काठी टेकून उभ्या राहिल्या.

"मी बाहेरची नाही," त्या म्हणाल्या. "तू पाळण्यातला होतास तेव्हा मी याच बाजारात कांदे विकायला बसायचे. तुला पाटीशेजारी निजवायचे. दिवसभर पाणी प्यायचे नाही, म्हणून मला दूध येत नव्हतं. तू रडायचास, आणि मी काही बोलत नव्हते. आज बोलते आहे."

औषधवाले आपल्या पेनाचं टोपण लावत-काढत बसले. नगराध्यक्षांनी आईकडे पाहिलं. हे त्यांना ठाऊक नव्हतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते उठले, आपली खुर्ची आईला दिली, आणि उभ्या उभ्याच म्हणाले, की स्वच्छतागृह आपल्या घरासमोर, बागेच्या कोपऱ्यात कायमचं बसवावं. हात वर झाले. दुसऱ्या विषयाचं काय, असं चिटणिसांनी विचारलं. तो मागे घेतला आहे, असं ते म्हणाले. कुणी घेतला होता, ते कुणीच विचारलं नाही.

पंधरा दिवसांपूर्वी क्रेनने ते निळं स्वच्छतागृह बागेत उतरवलं. फीत लावली होती, नगराध्यक्षांचं भाषण सुरू होतं, पण पालकवालीला थांबवेना. ती फितीखालून वाकून आत गेली आणि उद्घाटन तिथेच झालं. भाषण चालूच राहिलं, आणि तेही बरं होतं.

नोकरी असावी तर अशी, मावशी. रात्री पाठ टेकते ती दमून, आणि सकाळी उठते ती धावत. आईला सांग, मला बँकेत जायचं नाही. काकांना नमस्कार.

तुझी लाडकी,
मुख्याधिकारी (अजून उमेदवार)

ता. क. पुढच्या सभेत कचरा डेपोच्या जागेचा विषय आहे. तोही सगळ्यांना शेजाऱ्याच्याच दारात हवाय. मला आत्तापासूनच राहवत नाहीये.

ता. क. २. ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते राहूनच गेलं. तू महिनाभर माझ्याकडे राहायला यायचं ठरवलं आहेस असं आईकडून कळलं. फार आनंद झाला, पण तूर्त येऊ नकोस. मला मिळालेल्या सरकारी घराचा संडास मी आले त्या आठवड्यापासून तुंबलेला आहे. त्याच्या दुरुस्तीला मुख्याधिकाऱ्यांची मंजुरी लागते, आणि स्वतःच्या घरच्या कामाला स्वतःच मंजुरी देणं नियमात बसत नाही. ऑफिसवर भागत होतं, पण सुट्टीच्या दिवशी त्याला कुलूप असतं. तेव्हा मला जागेची एवढी घाई का झाली होती असं तुझ्या मनात आलं, तर ते अगदीच खोटं नाही. आता मी रोज पहाटे टॉवेल घेऊन बायकांच्या रांगेत उभी असते. साऱ्या शहराला वाटतं, मी पाहणी करायला येते. त्याबद्दल नगराध्यक्षांनी माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. मी उभी राहून आभार मानले.