भास्करचं हलकं पाणी

देवळाली प्रवरा,
मार्च १९९६

चि. भास्करास आईचा आशीर्वाद.

काल फोनवर तू पुन्हा विचारलंस, त्या पाण्यानं दादांना थोडा तरी गुण आला होता का. मी व्हय म्हनले. खरं काय ते इथं लिहिते, पन हे पत्र पोस्टात टाकायची न्हाई.

तुझ्या परदेशातल्या प्रयोगशाळेतून तू जडपना काढलेलं हलकं पानी पाठवलंस. त्यानं रक्तातली साखर उतरती का, हे अजून उंदरांवरच बघतोय, दादांची सुई बंद करू नका, असं बजावलंस. तुझ्या दादांनी एवढंच ऐकलं, की पोरानं पाठवलंय. बाटल्या देवघरात गंगेच्या तांब्याशेजारी ठिवल्या. रोज आंघोळ करून एक पळी तीर्थासारखी घ्यायचे. इन्शुलिनची सुई त्या दिवसापासून बंद. मी भांडले, तर माझ्यावरच डाफरले, "एवढं शिकलेलं पोरगं माझं, त्याच्यावर भरवसा ठिवू नको व्हय?"

पुढं पायाला जखम झाली, ती भरंना, काळी पडली. दवाखान्यात नेलं तवा डॉक्टर म्हनले, लई उशीर केला.

शेवटचं पानी लेकानं पाजायचं असतं. तू न्हवतास, म्हनून मी तुझीच बाटली उघडली आन् दोन थेंब त्यांच्या ओठावर सोडले. त्यांनी डोळे उघडले. म्हनले, "भास्करला कळीव, साखर उतरली."

तेच मी तुला कळवलं.

तुझी आई,
बनुबाई