ऊन दाखवलेली तबकडी

मी, आसराबाई म्हस्कू शिंगाडे, वय अडुसष्ट, निवृत्त परिचारिका, राहणार स्टेशन रोड, परतूर, जिल्हा जालना, माझ्या मागे घरात कुरबुरी नकोत म्हणून आज स्वहस्ते हे मृत्युपत्र लिहिते. माझी बुद्धी शाबूत आहे. रक्तदाब सकाळी मी स्वतः मोजला, तोही शाबूत आहे. माझ्यावर कुणाचं दडपण नाही. दडपण आणू शकेल असा माणूस परतुरात असलाच, तर तो बहुधा माझ्याच हातून जन्माला आलेला असेल, त्यामुळे त्याचं भय नाही.

नावापुढे वडिलांचं नाव लावते, कारण लग्न झालं पण टिकलं नाही. त्या गृहस्थांचा वा त्यांच्या वारसांचा माझ्या मिळकतीवर काडीचाही हक्क नाही. मला मूलबाळ नाही. खाली लिहिलेलं सगळं माझ्या नोकरीच्या कमाईतून झालेलं आहे, वडिलोपार्जित त्यात काही नाही. आम्ही मेंढरं राखणारी माणसं, वडिलोपार्जित म्हणून आमच्याकडे फक्त बांचा, म्हणजे वडिलांचा, ढोल होता, तो भावाकडे आहे आणि तिथेच राहावा.

कलम १. घर. भाऊ राधाकिसन याच्या घराला लागून असलेलं माझं तीन खोल्यांचं घर भाचा धर्मराज राधाकिसन याला द्यावं. तो पुण्यात कंपनीत आहे, पोरगा चांगला आहे, फक्त घाईचा आहे. समोरची खोली, म्हणजे जिथे रेकॉर्ड प्लेअर आहे ती, त्याची आई साखराबाई हयात असेतो तिच्याच ताब्यात राहील. तिथे दुकानाचं शटर बसवायचा विचार त्याने मनातून काढून टाकावा. मला ठाऊक आहे, त्याने मापं घेतली आहेत.

कलम २. दोन्ही घरांमधल्या अंगणात मी १९८८ साली माझ्या खर्चाने भिंत बांधली. ती का बांधली हे पुढे येईल. तिला १९९७ साली मीच खिडकी पाडली. भिंत पाडायची तर पाडावी, पण ती उभी आहे तोवर खिडकी बुजवू नये.

कलम ३. बाळंतपणाच्या कात्र्या, उकळायचा डबा, बाळं तोलायचा काटा आणि बँकेतली ठेव बेबीनंदा हिला. माझ्या हाताखाली तयार झालेली ही एकच मुलगी, जी घाबरलेल्या बाईवर कधी ओरडली नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

कलम ४. अण्णासाहेब, आमच्या गल्लीच्या उत्सव मंडळाचे तहहयात अध्यक्ष. यांनी माझ्या रेकॉर्ड प्लेअरवरच्या गाण्यांचा त्रास होतो म्हणून नगरपालिकेत अर्ज दिला होता. ‘बँडवाले भांडून राह्यलेत’ असं ते चौकात सांगत. यांचा स्वतःचा भोंगा पहाटेपासून गल्लीला उठवतो. यांना मी काहीही देत नाही. विसरून राहिलं असं वाटू नये म्हणून मुद्दाम लिहिलं.

कलम ५. आता मुख्य गोष्ट. माझ्याकडे जॅझच्या तबकड्या आहेत, लाकडी कपाट भरून. पहिली पेटी १९८१ साली मिळाली. जालन्याच्या दवाखान्यात मी नोकरीला होते, तिथल्या परदेशी डॉक्टरीणबाई कायमच्या मायदेशी निघाल्या. बाकीच्यांनी त्यांचा फ्रिज मागितला, शिलाई मशीन मागितली. मी पेटी आणि प्लेअर मागितला. दुपारी त्यांच्या बंगल्यावर औषधांचा हिशेब द्यायला जायची तेव्हा ते संगीत कानावर पडलेलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, पाच माणसं एकदम बोलतात आणि कुणी कुणाचं ऐकत नाही, अगदी आमच्या घरासारखं. चारदोनदा ऐकल्यावर कळलं की तिथे प्रत्येक जण ऐकत असतो, म्हणून तर बोलू शकतो. तेव्हापासून मी या नादाला लागले. मुंबईच्या जुन्या बाजारातून, औरंगाबादच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून, पत्राने मागवून, अशा तबकड्या जमवल्या. लोक सोनं घेतात. मी हे घेतलं आणि मला कधी पस्तावा झाला नाही.

त्यात पिवळ्या पाकिटातली एक होती, मधला गोल कागदही पिवळा. तीत एक ढोलवाला बराच वेळ एकटाच वाजवतो. आमचे बा, म्हस्कूबा, बिरोबाच्या जत्रेत गजनृत्याला ढोल वाजवायचे. अर्धांगाने उजवा हात गेला आणि ते माझ्या ओसरीवर येऊन पडले. एकदा ती तबकडी लावली तर ते कुशीवर वळले. संपेपर्यंत तसेच ऐकत राहिले. मग म्हणाले, “ह्यो गडी मोजून न्हाई वाजवत, आसरे. मोजणं पोटात ठिवून वाजवून राह्यला.” पुढे रोज संध्याकाळी त्यांना तीच लागे. त्यांचा डावा हात खाटेच्या माच्यावर चाले. चहा घेऊन येणारी साखराबाई चौकटीला टेकून उभी राही, कप गार होईस्तोवर. १९८६ साली बा गेले, त्या दिवशी सकाळीसुद्धा ऐकून गेले.

१९८८ च्या वैशाखात मी प्रशिक्षणासाठी औरंगाबादला होते. मागे घरावरची पाण्याची टाकी फुटली आणि कपाट भिजलं. साखराबाई धावली. तिने पाकिटं काढली, एकेक तबकडी मऊ लुगड्याने पुसली, आणि गच्चीवर कुरडया वाळत होत्या त्यांच्या शेजारी धुतलेल्या चादरीवर मांडून ठेवली. आमच्याकडे ओलं झालेल्या प्रत्येक वस्तूला ऊन दाखवतात. डाळीला, गादीला, लोणच्याच्या बरणीला, बाळंतिणीच्या बाजेलासुद्धा. चादरीवर मावल्या नाहीत त्या सावलीला राहिल्या म्हणून वाचल्या. मी आले तेव्हा उन्हातल्या तबकड्यांच्या कडा कुरडईसारख्या वळल्या होत्या. बांची पिवळी त्यात होती.

साखराबाई म्हणाली, “अक्का, ओल्या झाल्त्या म्हणून ऊन दाखवलं. ओल्याला ऊनच दाखवतेत ना?”

मी जे उत्तर दिलं ते कायदेशीर कागदावर लिहिण्याजोगं नाही. वाकलेल्या तबकड्या उकिरड्याकडे फेकल्या, महिन्याभरात भिंत घातली, आणि तिच्याशी बोलणं टाकलं. भावाशी कामापुरतं बोले. माझा राग रास्त होता, आजही मी तो मागे घेत नाही. बा दुसऱ्यांदा गेल्यासारखं मला झालं होतं.

पण भिंतीपलीकडे काय चाललं होतं ते मला ठाऊक नव्हतं. त्या तबकड्या साखराबाईने उकिरड्यावरून उचलून नेल्या होत्या. उन्हानेच वाकल्या तर उन्हानेच सरळ होतील, असा तिचा साधा हिशेब. दोन गुळगुळीत शहाबादी फरश्यांमध्ये तबकडी ठेवायची, वर पाटा, पाट्यावर गव्हाचं पोतं, आणि उन्हात सोडून द्यायची. तसं ऊन वैशाखातच पडतं, म्हणून दर साल त्या दिवसांतच प्रयोग. एक तडकली, एक दुसऱ्या बाजूला वाकली, एकीच्या रेघाच गेल्या. तिला इंग्रजी वाचता येत नाही, पण पिवळा गोल कागद ती ओळखत होती. हात बसल्याशिवाय नको म्हणून तिने ती सगळ्यात शेवटी ठेवली.

१९९७ च्या उन्हाळ्यात एका सकाळी भिंतीवर लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलेलं दिसलं. उघडलं तर पिवळी. चिठ्ठी नाही, हाक नाही. मी संध्याकाळपर्यंत तिला हात लावला नाही. मग लावली. वाजली. ढोलाच्या मध्यावर एका जागी सुई वर चढते आणि खाली उतरते, तिथे आवाज थोडा हेलकावतो, बांचा हात खाटेवर चालायचा तसा. पहिली बाजू संपली. मी रडत बसले होते, मला उठवेना. बराच वेळ प्लेअर नुसता फिरत राहिला.

तेव्हा भिंतीपलीकडून ती म्हणाली, “अक्का, मागची बाजू राह्यली.”

नऊ वर्षांतलं ते तिचं पहिलं वाक्य. दुसऱ्याच दिवशी मी गवंडी बोलावला आणि खिडकी पाडून घेतली. तेव्हापासून ती रोज संध्याकाळी खिडकीशी बसते. ट्रंपेट फार पुढे पुढे करतो असं तिचं मत आहे, आणि ते बरोबर आहे.

कलम ६. सबब सर्व तबकड्या, कपाट आणि प्लेअर साखराबाई राधाकिसन शिंगाडे हिला, पूर्ण मालकी हक्काने. धर्मराजने मागच्या दिवाळीत पुण्याहून एक माणूस आणला होता, त्याला या तबकड्या त्याच्या हॉटेलच्या भिंतीवर शोभेला खिळ्यांनी ठोकायच्या होत्या. मी त्याला चहा देऊन वाटेला लावलं. धर्मराज म्हणाला, “आत्या, आईला त्यातलं काय कळतं?” त्याचं उत्तर त्याने वरचं कलम पुन्हा वाचून मिळवावं.

कलम ७. तबकडी कडेने धरावी. सुई वेळेवर बदलावी. मी आयुष्यभर सुयांचं काम केलं आहे, बोथट सुईने इजा होते हे माझ्याकडून ऐकावं. कपाट भिजलं तर पंख्याखाली वाळवावं, ऊन दाखवू नये. हे साखराबाईसाठी लिहिलेलं नाही, बाकीच्यांसाठी आहे.

कलम ८. वकीलसाहेबांना मी साखराबाईचीच साक्ष घ्या म्हणाले. जिला मिळतं तिची साक्ष नको, असं ते म्हणाले. मला पटलं नाही, पण मानलं. यात काय लिहिलं आहे ते तिला अजून माहीत नाही. ती आत शेंगा निवडते आहे.

कलम ९. मला नेताना काही वाजवू नये. तेराव्याला मात्र जेवणं झाल्यावर सगळ्यांना माझ्या ओसरीवर बसवावं, अण्णासाहेबांनाही, आणि बांची पिवळी तबकडी लावावी. पहिली बाजू संपली की कुणीही चप्पल शोधायला उठू नये. साखराबाई काय ते सांगेल.

याआधी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. हे वाचून, समजून, खाडाखोड न करता सही करते. खालील दोघांनी मला सही करताना पाहिलं आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या.

सही: आसराबाई म्हस्कू शिंगाडे

साक्षीदार:
१) पुंजाराम कडूबा खरात, निवृत्त कंपाउंडर, परतूर
२) पुष्पाबाई बद्रीनाथ सोळंके, शिक्षिका, परतूर

ठिकाण: परतूर, जि. जालना
दिनांक: १२ मार्च २००४