अबलखाच्या आयाळीतला निळा खदग

१८ ऑगस्ट
पाहुणी आली. तिने दार ठोठावलं — गेरचं, आमच्या लोकरी तंबूचं दार! मला वाटलं वाऱ्याने काही आपटतंय. लांबूनच ‘कुत्रं धरा’ अशी हाळी द्यायची असते, तेवढंही ठाऊक नाही. नाव नोमिन. उलानबातरची, सातव्या मजल्यावर वाढलेली. दहा दिवस ‘पूर्वजांसारखं’ राहायचंय म्हणे. पिशवीत टॉयलेट पेपरचे सहा रोल.

हे लुव्सानभावजींनी परस्पर ठरवलं. नदीच्या खालच्या अंगाला पर्यटकांचा तळ झालाय, तिथे त्यांची ऊठबस. माझे यजमान बाल्दान गेले तेव्हापासून या धाकट्या दिरांनी माझं सगळंच परस्पर ठरवायला घेतलंय.

२० ऑगस्ट
घोडींचं दूध दर दोन तासांनी काढायचं, शिंगरू धरायला नोमिन. पहिल्याच दिवशी शिंगराने तिला शेणात बसवलं. हसली! रडेल असं वाटलं होतं मला.

बाल्दानच्या घोड्याचं नाव काय, विचारत होती. म्हटलं, घोड्याला कसलं नाव? रंग तेच नाव. अबलख. मग का कोण जाणे, तिला सांगून बसले — मार्चच्या हिमवादळात बाल्दान पडले, तेव्हा हा दीड दिवस त्यांच्याजवळून हलला नाही. पांढऱ्या बर्फात त्याचे काळे ठिपके दिसले, म्हणून मला माझा माणूस सापडला.

ती उठली. चूल पेटवायला गेली आणि सगळ्या गोवऱ्या विझवून आली.

२२ ऑगस्ट
भावजी आले. घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे, आयरागचे, तीन वाडगे प्यायले आणि मग म्हणाले, परवा अबलखला नेतो. तळावाल्यांना शब्द दिलाय. घोडा शांत आहे, पाहुण्यांच्या पोरांना बसवायला बरा.

मी नाही म्हटलं.

‘वहिनी, तुमच्या एकटीच्यानं शरदातलं बिऱ्हाड हलणार आहे का? माझ्या शेजारी येऊन राहा. जनावरं एकत्र करू. मग अबलख तुम्हाला लागतोच कशाला?’

म्हणजे आधी घोडा, मग जनावरं, मग मी! मी म्हटलं, आयराग संपलं.

नोमिन खाली मान घालून ऐकत होती. निघताना त्यांच्यासाठी शेवटचा वाडगा भरला तो मात्र तिनेच. बाही खाली ओढून, उजव्या हाताने, डावा हात कोपराखाली. अगदी रीतीप्रमाणे. कुठे शिकली कोण जाणे.

२३ ऑगस्ट
दिवसभर मनातल्या मनात भावजींशी भांडले. दर वेळी मीच जिंकले. त्याचा उपयोग काय!

२४ ऑगस्ट
राग अजून गेला नाही. तरी लिहिते.

सकाळी बाहेर आले तर नोमिन अबलखचे फोटो काढत होती. त्याच्या आयाळीत निळं रेशीम. माझ्या पेटीतला पूजेचा खदग! ‘शोभतो ना, काकू?’

आयाळीत खदग बांधला की घोडा देवाचा झाला. पुढे त्याच्यावर कुणी बसायचं नाही, त्याला विकायचं नाही, मारायचं नाही. मीसुद्धा बसायचं नाही! सोडायला धावले. गाठ इतकी पक्की की नखं दुखली. तेवढ्यात हाळी आली — ‘कुत्रं धरा!’ भावजी, हातात दोर.

माझे हात आपोआप खाली आले.

‘कुणी बांधला?’
‘मी,’ मीच म्हटलं.
‘लामानं मंत्र म्हटले?’
‘मी दूध शिंपडलंय.’
‘वहिनी, पोरखेळ आहे हा.’
‘मग सोडा की. तुमच्या हातानं सोडा.’

त्यांनी गाठीकडे हात नेला, मागे घेतला. टोपी काढली, पुन्हा घातली. दोर गुंडाळला आणि चहा न घेता गेले. त्यांच्या घराण्यातलं कुणी आजवर कुणाकडून चहा न घेता उठलेलं नाही.

मग मी खरोखरच दूध आणून शिंपडलं, नऊ वेळा. खोटं अंगावर ठेवून मी जगत नाही.

आणि नोमिनची हजेरी घेतली! माझा घोडा, माझ्या नवऱ्याचा घोडा — आता जन्मात त्याच्यावर बसू शकत नाही मी! शहरातली अडाणी कार्टी! सगळं म्हटलं. ती मान खाली घालून म्हणाली, ‘चुकलं, काकू.’

२८ ऑगस्ट
नोमिन गेली. तिच्या गाडीमागे रीतीप्रमाणे दूध शिंपडलं, पण मन भरून बोलले नाही. कागदाचे पाच रोल ठेवून गेलीय.

१ सप्टेंबर
हलवलं बिऱ्हाड! एकटीने! दोन दिवस लागले. दोन उंट, एक म्हातारी घोडी आणि माझे पाय. तंबूचं वरचं कडं तीनदा कोसळलं, एकदा माझ्या खांद्यावर. चौथ्यांदा कड्याला दोन्हीकडून खांब बांधले, तेव्हा उभं राहिलं. अबलख मोकळाच, सगळ्यात पुढे चालत होता.

टेकडीवरून भावजी दुर्बीण लावून बघत होते. बघा म्हणावं. नीट बघा.

५ सप्टेंबर
फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडी चढले. नोमिनचा निरोप येऊन पडला होता.

‘काकू, माझ्या आजीचाही एक घोडा होता, पांढरा. आजोबांचे भाऊ त्याला न्यायला यायचे होते, त्या सकाळी तिने खदग बांधला. ती गाठ मला तिनेच शिकवली. तुम्ही रागावणार हे माहीत होतं. आधी विचारलं असतं, तर तुम्ही बांधू दिला नसता.’